कव्हय येशी?

फुईनं चष्मा पुसला, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि 'त्यागमूर्ती' या शब्दावर लाल रेघ मारली. मग 'वात्सल्यसिंधू' गेला. 'आधारवड'वर पेन जरा थांबलं. तो शब्द तिनं खोडला नाही, नुसता त्याच्याभोवती गोल काढला.

आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. माझी ही फुई धुळ्याला देवपुरात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. मोठी माय, म्हणजे तिची आई आणि माझी आजी, गेल्या वर्षी कार्तिकात गेली. वय ब्याण्णव. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं पेपरात द्यायची 'प्रथम पुण्यस्मरण'ची चौकट आणि नातेवाइकांत वाटायची चार पानी स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडं आलं. मजकूर घेऊन मी जळगावहून एसटीनं, एरंडोल-पारोळा करत, धुळ्याला आलो होतो. फुई ऱ्हस्व-दीर्घ बघेल, चहा होईल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघू, असा हिशेब होता. रात्री तिथंच राहावं लागलं.

"यात चूक काय आहे?" मी विचारलं.

"शुद्धलेखनाची एकही नाही. पण गेल्या रविवारचा पेपर काढ. पुण्यस्मरणाच्या आठ चौकटी आहेत. तीन बाप्यांच्या, पाच बायांच्या. बाप्यांमध्ये एक प्रगतिशील शेतकरी, एक माजी सरपंच, एक निवृत्त अव्वल कारकून. बाया पाचही त्यागमूर्ती. बाप्यांनी काय केलं ते छापलंय. बाया कशा होत्या तेवढंच छापलंय, आणि पाचही सारख्याच होत्या."

"पण मोठी माय होतीच तशी. घरातलं लहान पोर जेवल्याशिवाय ती ताटावर बसली नाही. स्वतःसाठी कधी लुगडं मागितलं नाही. याला त्याग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"शेवटी जेवायची हे खरं. शेवटी काय उरायचं ते माहीत आहे तुला?"

मी गप्प राहिलो. मी जन्मलो तेव्हा घरात गॅस आला होता.

"कळण्याच्या भाकरीचा करपलेला काठ. आणि भाजीच्या भांड्यात पाणी फिरवून जो रस्सा होईल तो. हे लिही. त्याग लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं आणि तो पान उलटतो. भाकरीचा काठ लिहिला की त्याला विचारावं लागतं, मधली भाकरी कुणी खाल्ली. मी खाल्ली. तुझ्या बापानं खाल्ली."

फुईचं म्हणणं सरळ होतं. तिला स्मरणिकेत विशेषण नको होतं, हिशेब हवा होता. घरात सतरा माणसं आणि दोन सालदार. पहाटे तीनला उठून जात्यावर दीड-दोन पायल्या ज्वारी, सोबतीला कधी जाऊ, कधी कुणीच नाही. मग विहिरीवरून पाणी, शेण, गोठा, भाकरी. मग डोक्यावर टोपलं घेऊन शेत. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं फाटायची, रात्री त्यांना एरंडेल लावून ती पुन्हा पिठात हात घालायची. उन्हाळ्यात बिबडे, पापड, शेवया. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येणार म्हणून खापरावरचे मांडे. आणि या सगळ्यात नऊ बाळंतपणं, त्यातली पाच पोरं जगली.

"नऊ?" मला हे ठाऊक नव्हतं.

"नऊ. तुझ्या कागदात पाच आहेत. चार कुठं गेली?"

मी खरंच हललो. तरी हे सगळं असं मांडायला माझं मन घेईना. म्हणालो, "फुई, तू म्हणतेस ते सगळं खरं. पण नुसता कामाचा हिशेब मांडला तर ती मजूर दिसेल. ती मजूर नव्हती, घराची मालकीण होती. कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती. कुणाचं लग्न कुठं करायचं, कोणत्या वर्षी मका आणि कोणत्या वर्षी कापूस, आप्पांना शिकायला भुसावळला ठेवायचं की नाही, हे तिनं ठरवलं. तिनं घरावर जीव लावला तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे. सांगितलेलं काम माणूस सत्तर वर्षं तशा मायेनं करत नाही."

"माया होती, हे कोण नाकारतं?"

"तुझ्या हिशेबात ती कुठं लिहायची?"

यावर फुई उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा घेऊन आली ती बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट घेऊन. ती तेव्हा बारा वर्षांची होती. १९७२ मध्ये पावसानं पाठ फिरवली, विहीर आटली, घरात बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या सुरू झाल्या. त्या गिळवत नव्हत्या. सरकारनं जागोजागी कामं काढली. पाटस्थळाची जमीन असलेल्या घरची सून खडी फोडायला कशी जाणार, म्हणून आजोबा अडून बसले. मोठी माय दुसऱ्या दिवशी पहाटे हातोडी घेऊन निघाली. फुई तिच्याबरोबर धाकट्या भावाला सांभाळायला गेली.

"संध्याकाळी मुकादम मस्टर घेऊन बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं. माय गप्प. घरात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सासरी लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव विसरल्यात जमा. मागची बाई म्हणाली, अगं बोल ना. तेव्हा तिनं नाव सांगितलं. माहेरचं सांगितलं! मुकादमानं ते लिहिलं, पुढं अंगठा घेतला. आठवड्यानं त्या नावापुढं दिवस मांडले आणि पैसे तिच्या हातात दिले. घरी येताना ती रस्त्यात दोनदा थांबून ते पैसे मोजत होती. मी मोठेपणी पुष्कळ विचार केला त्यावर. तिनं आयुष्यभर जे काम केलं त्याची कागदावरची नोंद तेवढीच. त्या दुष्काळी कामाचं मस्टर."

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्या दुष्काळातून पुढं आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या कामावर माझी आजी होती, हे मला चाळिशीत कळत होतं.

"हे मात्र छापू," मी म्हणालो. "हातोडी घेऊन निघाली ते."

"आजोबा अडून बसले तेही."

"ते कशाला? ते सगळे आता वर आहेत."

"मग हातोडी कुणासमोरून उचलली ते कसं कळेल?"

इथवर फुई पुढं आणि मी मागं होतो. पण मालकिणीचा विषय मीच काढला होता, आणि तो मला अर्धवट सोडायचा नव्हता. मोठी माय माझ्या आईशी कशी वागली, ते मी पाहिलं आहे. आई लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं तिला कोठीत जायची परवानगी नव्हती. तेल मोजून मिळायचं. माहेरी जायचं तर आखाजीला, चार दिवस, तेही मोठी मायचा होकार आला तर. पहिल्या मुलीनंतर, म्हणजे माझ्या बहिणीनंतर, आईशी ती दीड महिना बोलली नव्हती.

"खरं लिहायचं तर हेही लिहू," मी म्हणालो.

फुईचा चेहरा पडला. "हे कशाला? म्हातारपणी तिनंच तुझ्या आईच्या हातात किल्ली दिली. सगळ्या गावासमोर दिली. शेवटची सहा वर्षं तुझ्या आईशिवाय ती कुणाच्या हातचं पाणी प्यायली नाही."

"तेही लिहू."

"तिची सासू तिला चुलीतल्या लाकडानं मारायची, भाऊ. तिनं तुझ्या आईवर कधी हात उचलला नाही. एवढं अंतर तिनं एकटीनं कापलं. ते तुला दिसत नाही?"

"दिसतं. पण मग त्यागमूर्ती खोडणारी तू आणि हे झाकणारीही तूच."

ती बराच वेळ बोलली नाही. बाहेर देवपुराच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मला वाटलं, मी जरा जास्तच बोललो. पण मग तिनं कागद ओढला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'सुनेला विचारून'. म्हणजे हा मजकूर ठेवायचा की नाही ते माझ्या आईनं ठरवायचं. मला ते पटलं. सोसलं तिनं, तर सांगायचं की नाही हेही तिचंच.

रात्री जेवताना शेवभाजी होती. फुई म्हणाली, "तू जळगावचा. बहिणाबाईंच्या घरी शेवटचा कधी गेलास?"

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांचं घर आहे. आता ते स्मृती संग्रहालय आहे. त्यांच्या वापरातली भांडीकुंडी, शेतीची अवजारं तिथं ठेवली आहेत. मी शाळेत असताना गेलो होतो, नंतर एकदा पाहुण्यांना घेऊन. म्हणालो, "माझा मुद्दा तर त्यांच्यावरूनच सिद्ध होतो. त्या बाईनं संसाराला कधी नावं ठेवली नाहीत. चूल, जातं, मोट, पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा... जे रोजचं काम तेच गाणं. तू म्हणतेस तसा हिशेब मांडत बसल्या असत्या तर गाणं झालं असतं का?"

"हिशेब त्यांनी मांडलाच आहे, गाण्यात मांडला म्हणून तुला तो ऐकू येत नाही. बघ ना. १८८० मध्ये असोद्याला नागपंचमीला जन्म. तेराव्या वर्षी लग्न, जळगावच्या चौधरींकडं. तिशीच्या सुमाराला वैधव्य. पदरात तीन मुलं. त्यातला ओंकार प्लेगनं कायमचा अधू झालेला. घरची भाऊबंदकी. अक्षरओळख नाही. ही बाई १९५१ च्या डिसेंबरात गेली. तिचं पुण्यस्मरण छापायचं असतं तर तुझ्यासारख्यानं काय लिहिलं असतं? त्यागमूर्ती. आणि ते खोटंही नसतं. पण आज कुणी तिला त्यागमूर्ती म्हणत नाही. कारण ती स्वतः काय बोलली ते आपल्याकडं आहे. कपाळाचं कुंकू गेल्यावर काय उरतं, ते ती स्वतः सांगते. जळगावात छापखाना आला त्याच्यावरही ती बोलते. वाचता येत नसून!"

"ते सोपानदेवांमुळं."

"तेच सांगतेय मी. सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ पितांबर, दोघांनी ती गाणी वहीत उतरून घेतली. आईबद्दल काय वाटतं ते नाही लिहिलं, आई काय म्हणाली ते लिहिलं. स्वतः सोपानदेव कवी होते, त्यांना आईवर कविता करता आली असती. आई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, ते हरखून गेले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. पहिल्या आवृत्तीत पस्तीसच कविता. वही नसती तर चौधरी वाड्यातली ती भांडी नुसती भांडी राहिली असती. आणि इथून तिथून सगळ्या खान्देशाच्या विद्यापीठाला १९९० मध्ये सुरू झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी जे नाव मिळालं, ते मिळालं नसतं."

मी जरा विचार केला. मग म्हणालो, "अत्र्यांचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. १९५२ मध्ये त्यांनी बहिणाबाई छापल्या आणि १९५३ मध्ये 'श्यामची आई' पडद्यावर आणला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं त्याला. तो सिनेमा मोठी मायनं यात्रेतल्या तंबूत पाहिला होता. मला किती वेळा सांगितलाय! आईच्या भूमिकेतली वनमाला रागावते तिथं तिचा आवाज चढायचा आणि शेवट सांगताना पदर डोळ्याला लागायचा. साने गुरुजी आईबद्दल बोलतात, आई काय बोलली ते जसंच्या तसं लिहीत नाहीत. म्हणून ते कमी का? अमळनेरला शिकवणारा मास्तर नाशिकच्या तुरुंगात बसून आई आठवतो, आणि ती आठवण ऐकून आपल्या गावची बाई रडते. माझ्या चार पानांतून तसं काही झालं तर मला आणखी काय हवं?"

फुई गहिवरली. एकतीस वर्षं तिनं ते पुस्तक वर्गात वाचून दाखवलं होतं. "कमी मी कधी म्हणणार नाही. श्यामच्या आईनं पोरं घडवली. पण गुरुजी होते म्हणून ते जमलं. तू आणि मी गुरुजी नाही. आपण आईबद्दल लिहायला बसलो की आपल्या हातून त्यागमूर्तीच येते, कारण तो शब्द तयार असतो. आणि गुरुजींनाही दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेण्याची किंमत माहीत होती, भाऊ. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ मध्ये, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. अठरा रविवार. गुरुजी खाली बसून लिहीत होते. तेव्हा ध्वनिमुद्रण कुठलं? गीता प्रवचनं आज आहेत ती त्या लिहिणाऱ्या हातामुळं."

१९३२ हे साल आमच्या घरात वेगळ्या कारणानं माहीत आहे. मोठी मायची जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. आधार कार्डावर सरसकट लावतात तशी एक जानेवारी लागली. पण तिचे वडील सांगायचे, विनोबा धुळ्याच्या जेलात होते त्या साली पोरगी झाली. तिचं माहेर पांझरेच्या काठचं. फुई पुढं सांगत होती, विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती. मुलाला म्हणाली, तूच मराठीत कर. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी 'गीताई' झाली. हा सगळा गोतावळा फुई बोलता बोलता गोळा करत होती आणि मला कळत होतं की ती दुसऱ्याच कशाजवळ येते आहे.

"माय जात्यावर गायची," ती म्हणाली. "पाठ केलेल्या ओव्या होत्या, पण मधेच स्वतःच्या घालायची. आजोबांवर, सासूवर, पावसावर, माझ्यावरही. मी गोधडीत पडून ऐकायची. मग गावात विजेवरची गिरणी आली. सगळ्या बायांना सुटल्यासारखं झालं, आणि झालंच पाहिजे होतं. कोण म्हणेल की पहाटे तीनला उठून दळा? पण जातं बंद झालं तशी ती गायची बंद झाली. रिकाम्या हातानं तिला गाता येईना. मी एकदा म्हटलं, माय, ती ओवी म्हण ना. म्हणाली, जातं फिरल्याबिगर सुचत नाही. मी तेव्हा डीएडला होते. हातात वही होती, पेन होतं. मी काय केलं? तिला म्हटलं, 'माय, सुचत नाही म्हणतेस ते बरोबर, पण बिगर नको म्हणू, शिवाय म्हण.'"

तिचे डोळे भरले. मला काय बोलावं कळेना.

"हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. परदेशातून आलेला माणूस पुण्याकडच्या डोंगरांतल्या बायांच्या दारात बसला. इथं राजवाड्यांनी आयुष्यभर पायपीट करून दप्तरं जमवली, १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ माझ्या घरापासून काही लांब नाही. आणि मी मराठीची शिक्षिका. माझी आई माझ्या घरात. मी तिची एक ओवी लिहून घेतली नाही. तिची बोली सुधारत बसले."

"तू तिला शिकवायला बघत होतीस."

"तुझ्या बाजूनं तू चांगलं बोलतोयस. पण ते तसं नव्हतं. मला लाज वाटायची तिच्या बोलण्याची."

यापुढं वाद करण्यात अर्थ नव्हता, आणि मी केलाही नाही. ताटं उचलली.

झोपायच्या आधी तिनं स्वतःच जमिनीचा विषय काढला. हा आमच्या घरात कुणी काढत नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राचा कायदाही बदलला. आजोबा गेले तेव्हा फुईचं नाव सातबाऱ्यावर लागू शकत होतं. तिनं हक्कसोड पत्रावर सही केली. मला वाटायचं, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि काकांनी सांगितलं असेल.

"मायनं सांगितलं," फुई म्हणाली. "रात्री माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुला चार एकर मिळतील, पण भाऊ तुटतील. मी गेल्यावर आखाजीला तुला दार कोण उघडेल? बहिणाबाईंची ती योगी आणि सासुरवाशीण यांची कविता आहे ना, माहेरचे एवढे गोडवे गाते तर सासरी का राहते, असं योगी विचारतो. तिचं उत्तर मी वर्गात दर वर्षी शिकवायची. मायला ती कविता माहीत नव्हती. तरी त्या रात्री ती त्या उत्तराच्या बाहेर एक पाऊल गेली नाही. लेकीला यायला घर राहावं, एवढंच तिला दिसत होतं."

"मग तिनं तुझं माहेर राखलं," मी म्हणालो.

"राखलं. चार एकर देऊन राखलं. माझे चार एकर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली होती, नव्वदच्या आसपास. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. आपल्याच जळगाव जिल्ह्यात विटनेरला बायांची नावं लागली. माय ते ऐकून आली होती. आजोबांना एकदा बोलली असेल नसेल. स्वतःच्या नावावर तिनं कधी गुंठाभर मागितलं नाही, आणि माझं होतं ते सोडायला लावलं. तरी दर आखाजीला मी गेले, दार उघडं होतं, झोका बांधलेला होता. शेवटी ती माझ्याच मांडीवर गेली. आज पुन्हा सांगितलं तरी मी सही करेन."

"तुला राग नाही?"

"आहे. आणि सही करेन."

हे स्मरणिकेत लिहायचं का, असं मी विचारलं नाही. तिनं आपण होऊन सांगितलं, "हे इथंच राहू दे. तू आणि मी." मग थोड्या वेळानं, दिवा घालवल्यावर: "नाही. लिही. नावं घालू नको, पण लिही. आता २०२४ पासून पोरांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम झालाय. नाव येईल. त्या नावाच्या बाईनं काय दिलं आणि काय घेतलं, तेही कुठंतरी यायला हवं."

आम्ही दोघं अंधारात जागे होतो. मी माझ्या बाजूनं अजूनही ठाम होतो की मोठी मायचं आयुष्य मायेचंच होतं. फुईच्या हातोडीनं, मस्टरनं, चार एकरांनी ते कमी झालं नव्हतं. उलट मला ती पहिल्यांदा एवढी जवळ वाटत होती. पण मी तयार केलेल्या मजकुरात ती नव्हती, हेही मला आता दिसत होतं. तो मजकूर जळगावच्या प्रमाण मराठीत होता. मोठी माय तशी बोलत नव्हती. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. ती पश्चिमेत जन्मली आणि पूर्वेत नांदली. सत्तरहून जास्त वर्षं आमच्या गावात राहूनही तिच्या तोंडी धुळ्याकडची अहिराणी टिकली. शेजारपाजारचे तिला त्यावरून ओळखायचे.

तेव्हा मला फोनमधली तिच्या आवाजाची नोंद आठवली. मी पुण्याला नोकरीत होतो तेव्हाची. माझ्या बहिणीनं तिच्यापुढं फोन धरला आणि 'बोल' म्हणाली. एक मिनिट अकरा सेकंद. मी ती पुसली नव्हती, पण मोठी माय गेल्यापासून ऐकलीही नव्हती.

"फुई, तुझ्याकडं वही आहे का?"

तिनं दिवा लावला. शाळेची दोनशे पानी वही काढली, वर तारीख घातली आणि समास सोडला. मी फोन मध्ये ठेवला. आधी कोंबडीचा आवाज, मग बहिणीचं हसणं, मग मोठी मायचा घसा खाकरल्याचा आवाज. कापूसले भाव काय शे, ते ती विचारत होती, जणू पुण्यात मला ते माहीत असणार. जेवना का, हे विचारलं. बिबडे वाळत घातल्याचं सांगितलं, आभाळ आलंय म्हणून काळजी केली. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग दोन शब्द.

फुईनं लिहिलं: 'कव्हय येशी?'

"कवय म्हणते ती," मी म्हणालो. "ह नाही त्यात. आमच्या गावात सगळे कवय म्हणतात."

"माय तुमच्या गावची नव्हती. कव्हय. नीट ऐक."

"मी रोज ऐकायचो, फुई. लहानपणापासून."

"मी तुझ्याआधी ऐकायची. पुन्हा लाव."

मी मागं नेलं. कोंबडी, हसणं, कापूस, बिबडे, आभाळ. दोघंही फोनवर वाकलो. फुईनं पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं, 'व'च्या शेजारी, आणि श्वास थांबवला होता.

"आणखी एकदा," ती म्हणाली.